रेल्वे गेटजवळचा समुद्र

भूषण सरांच्या क्लासचे किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. आमच्याकडे कुलर महिनाभर चालला की त्याच्या जाळीवर आपोआप पांढरा क्षार चढतो, तसे ते चढत गेले. आता कुठंही चार जण बसले आणि चहा आला की कुणीतरी म्हणतं, मॅडम, तो शेततळ्याचा सांगा. तो सांगायचा म्हणजे आधीचे सांगावेच लागतात. नाहीतर शेततळ्यात पडलेल्या माणसाची उगाच दया येते. ती येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तर आधी क्लास. अकोल्याहून कुठल्याही बाजूनं समुद्र गाठायचा म्हटला तरी रात्र गाडीत काढावी लागते. मी कॉलेजात भूगोल शिकवण्यात जन्म घातला, तेव्हा एवढ्यापुरता तरी माझ्यावर विश्वास ठेवा. अशा या गावात भूषण सरांनी फ्रीडायव्हिंगचा क्लास काढला. फ्रीडायव्हिंग म्हणजे पाठीवर हवेची टाकी न घेता एका श्वासात समुद्रात खोल जायचं आणि त्याच श्वासात वर यायचं. सर त्याआधी इन्व्हर्टर विकायचे. मग एकदा अंदमानला गेले, चार दिवसांचा कोर्स केला, आणि उन्हानं सोललेलं नाक आणि पायात घालायचे लांबलचक रबरी पंख घेऊन परत आले. नाक बरं झालं. पंख भिंतीवर टांगले गेले आणि फ्लेक्स लागला: "एक श्वास, एक समुद्र, एक नवे तुम्ही."

समुद्र नाही तर निदान स्विमिंग पूल तरी हवा. पण एप्रिल लागला आणि टंचाईपायी पूल बंद झाला. दुसऱ्या कुणी क्लास गुंडाळला असता. सरांनी फ्लेक्सच्या खाली "ड्राय ट्रेनिंग" असं रंगवून घेतलं आणि रेल्वे गेटजवळच्या मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये गाद्या अंथरल्या. गाद्या लग्नाच्याच होत्या. त्यांच्यावर डोकं टेकलं की अत्तर आणि सांडलेल्या वरणाचा वास यायचा. म्हणजे बघा, पाण्यात श्वास कसा रोखायचा हे शिकवणारा क्लास, आणि त्यात पाणी काय ते कुलरच्या टाकीत!

मी तिथं हौसेनं गेले नव्हते. माझी शेजारीण पुष्पा तायडे, तहसीलमध्ये नोकरी करते, तिच्या सोबतीला गेले होते. पुष्पाच्या डाव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. जखम भरली होती, आता अमरावतीला रेडिएशन घ्यायचं होतं. आमच्याकडे त्याला सगळे शेकच म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या बाजूला शेक देताना छातीत हवा भरून श्वास धरला, तर छाती फुगते, हृदय जरा मागं सरकतं आणि शेकातून वाचतं. वीसेक सेकंद स्थिर धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. पहिल्या चाचणीला पुष्पा मशीनखाली झोपली, स्पीकरवरून "श्वास धरा" असं ऐकलं, घाबरली आणि तिला खोकलाच आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, घरी सराव करा आणि पुन्हा या. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर साध्या पद्धतीनं देऊ, पण हृदयाला थोडा शेक लागेल.

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत पुष्पा पिशवीतले रिपोर्ट पुन्हा पुन्हा लावत बसली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "कुंदाताई, एवढे वर्ष सांभायलं वं त्याले. आता शेवटी भाजू देऊ का?"

दुसऱ्या दिवशी तिला तो फ्लेक्स दिसला. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, जोरजोरात श्वास घ्यायचे नाहीत, पाण्यात उतरायचं नाही, बाकी पडून सावकाश सराव करायला हरकत नाही. म्हणून आम्ही गेलो.

* * *

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना उताणं झोपवलं. डोळे मिटा, जबडा सैल, पोट सैल. तुम्ही समुद्रावर तरंगताय, खाली निळं पाणी आहे, आणि आता तुम्ही त्यात हळूहळू उतरताय. हे सांगताना सरांचा आवाज लोण्यासारखा व्हायचा आणि मराठी एकदम पुण्याची. एरवी माणूस आमच्या जुन्या शहरातलाच.

माझ्या पलीकडच्या गादीवर बाबाराव होते. पातूरकडचे मोठे शेतकरी. मुलानं अकोल्यात बंगला बांधला म्हणून उन्हाळ्यात इकडे येतात. ब्लडप्रेशरसाठी श्वासाचे व्यायाम करा असं त्यांना सांगितलं होतं, आणि हा क्लास बंगल्याला सर्वांत जवळ होता. त्यांनी झोपल्या झोपल्या हात वर केला.

"सर, म्या समुद्र नाही पाह्यला. काटेपूर्णा धरण चालन काय?"

सर म्हणाले, चालेल, कुठलंही पाणी चालेल, फक्त त्यात खोल उतरा. हॉल शांत झाला. कुलर घरघरत होता. माझाही डोळा लागायला आला होता, तेवढ्यात पुन्हा बाबाराव.

"उतरलो सर. पन यंदा पानीच नाही त्याच्यात. म्हशी चरून राहिल्या."

* * *

याच बाबारावांना सरांनी पुढच्या आठवड्यात क्लासचा आदर्श विद्यार्थी ठरवलं.

त्याचं असं झालं. श्वास धरायची पाळी आली की बाकीचे सगळे लाल व्हायचे, पाय झाडायचे, कुणी पादायचं. एकटे बाबाराव दगडासारखे पडून. गाल जरासे फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, चेहऱ्यावर तृप्ती. सगळ्यांचे श्वास सुटले, सगळे उठून बसले, तरी बाबाराव आपले तसेच. सरांनी स्टॉपवॉच आमच्यापुढं नाचवलं. म्हणाले, याला म्हणतात शरणागती, बघा, या माणसाला हवेची हाव उरलेली नाही.

मग सर त्यांच्या उशाशी बसले आणि त्याच लोण्यासारख्या आवाजात विचारू लागले की या क्षणी तुम्हाला आत काय जाणवतंय. बाबारावांनी डोळे उघडले, बोट वर करून थांबा अशी खूण केली, उठले, दाराबाहेर गेले आणि थुंकून आले. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. श्वास नाकानं व्यवस्थित चालू होता.

सरांनी आदर्श विद्यार्थी बदलला नाही. तोवर फोटो ग्रुपवर टाकून झाला होता.

* * *

तो फोटो बघून क्लासमधले मानकर पेटले. मानकरांचं मेडिकल आहे, औषधांचं. स्वतःला अर्धा डॉक्टर समजतात, त्यामुळे एका खर्रा खाणाऱ्यानं आपल्याला मागं टाकावं हे त्यांना सहन होईना. सरांनी त्यांना एक खास पद्धत शिकवली. आधी भराभर, खोल खोल श्वास घ्यायचे, शरीर "चार्ज" करायचं आणि मग धरायचा. इन्व्हर्टरवाल्याला आणखी काय सुचणार?

मानकर बसून भात्यासारखे फुसफुसू लागले. बोटं वाकडी झाली, ओठ पांढरे पडले, आणि ते बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीवर कलंडले. खुर्च्या खाली, मानकर वर. मी त्यांचे पाय वर धरले, पुष्पानं पाणी मारलं. सर मात्र बाजूला उभे राहून सांगत होते की घाबरू नका, ते सीमेच्या पलीकडे गेलेत, येतील. थोड्या वेळानं मानकरांनी डोळे उघडले. सरांनी त्यांचा हात हातात घेऊन विचारलं की पलीकडं काय पाहिलंत.

मानकरांनी जरा विचार केला. "काहीच नोहतं सर तिकडं," ते म्हणाले.

असे श्वास घेऊन माणूस पाण्यात उतरला तर पाण्यातच बेशुद्ध पडतो आणि मरतो, हे मला पुष्पाच्या डॉक्टरांनी सांगितलं. सरांना ते ठाऊक नव्हतं. बहुधा ते पाचव्या दिवशी शिकवत असावेत.

* * *

आता गेट. आमची घरं गेटच्या अलीकडे, क्लास पलीकडे. पुष्पाची स्कूटी, मी मागं. रोज गेट लागलेलं. लागलं की मी घड्याळ बघते, चडफडते, रेल्वेच्या सात पिढ्या काढते. पुष्पा स्कूटी बंद करते, स्कार्फ नाकावर ओढते, दोन्ही हात मांडीवर ठेवते आणि बसते. कोळशाची मालगाडी असली तर धुरळा उडतो, बाजूचे रिक्षावाले हॉर्न वाजवतात, शेवटचा गार्डाचा डबा जाईपर्यंत तिला कशाचं काही नसतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ऑफिसला जाताना हेच चाललंय.

क्लासला उशीर झाला की सगळेच म्हणायचे, गेट लागलं होतं. सरांना त्याचा भारी राग. गेट बाहेर नसतं, गेट मनात असतं, असं ते म्हणायचे. एकदा ते स्वतः अर्धा तास उशिरा आले तेव्हा मी विचारलं, आज मनात लागलं होतं का? त्या दिवशी त्यांनी मला गादी कुलरपासून लांब दिली.

त्याच आठवड्यात पुष्पानं बऱ्यापैकी श्वास धरला होता. गादीवर डोळे मिटून पडली होती, छाती छान फुगलेली, मी मनातल्या मनात आकडे मोजत होते आणि माझाच श्वास अडकला होता. निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात मालगाडी आली. खिडक्यांची तावदानं थडथडायला लागली. पुष्पा दचकली, श्वास सुटला आणि तिला तोच खोकला आला, चाचणीतला.

सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं. म्हणाले, "पुष्पाताई, तुमचं मन त्या गेटवरच अडकलंय. इतके दिवस झाले, तुम्ही समुद्रात आलाच नाहीत. गेट सोडा."

तिचे डोळे भरले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सर, तिला समुद्रात कुठं जायचंय, तिला अमरावतीला जायचंय. बाबाराव हसले, पण पुष्पा हसली नाही. घरी येताना तिनं विचारलं, खरंच का कुंदाताई, मले नाही जमनार? मी जमेल म्हटलं. मला तसं वाटत नव्हतं.

* * *

सरांना बहुतेक वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी तिला घरी ऐकायला म्हणून अंदमानच्या लाटांचं रेकॉर्डिंग पाठवलं. रोज दुपारी अंधार करून ऐका, मन आपोआप विसावेल.

पुष्पानं दुपारी पडदे ओढले, खोलीत झोपली, मोबाईल स्पीकरवर लावला आणि डोळे मिटले. खळखळ, सळसळ सुरू झाली. बाहेरच्या खोलीत तिचे यजमान तायडेभाऊ वामकुक्षी घेत होते. ते ताडकन उठले आणि "नळ आले वाटते!" असं ओरडत बादल्या घेऊन धावले. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक, त्यामुळे दोष त्यांचा नाही. त्यांचं ऐकून मी धावले, माझं ऐकून वरच्या मजल्यावरचे धावले. गल्लीत सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या आणि कोरड्याच फिरल्या.

ड्रम सरकवायला पुढं कोण होतं विचाराल, तर पुष्पा. तिनंच लावलेल्या लाटा, आणि तीच ड्रम घेऊन आली.

* * *

आता शेततळं. चाचणी दोन दिवसांवर आली होती. मला वाटत होतं पुष्पानं घरीच थांबावं, पण क्लास बाबारावांच्या शेतात जेवायला निघाला होता. रोडगे आणि वांग्याची भाजी, आंब्याखाली. ती म्हणाली, घरी बसून काय करू, विचारच करीन.

बाबारावांच्या मळ्यात शेततळं आहे. मोठं चौकोनी, आत काळं प्लॅस्टिक अंथरलेलं, वर हिरवट पाणी. सरांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत अंदमान उतरलं. म्हणाले, ओपन वॉटर! आज तुम्हाला खरं फ्रीडायव्हिंग दाखवतो. त्यांनी गाडीतून ते पंख काढले. बाबाराव म्हणाले, सर, प्लॅस्टिकले शेवाय आलं आहे, नका उतरू. सरांनी त्यांना समजावलं की पाणी शत्रू नसतं.

उतरायला काही कष्ट पडले नाहीत. काठावर पाय ठेवला आणि बसल्या बसल्या सर्रकन आत. एक डुबकी मारली, वर आले, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ते काठाशी आले आणि वर चढू लागले. घसरले. दुसऱ्या बाजूनं चढू लागले. घसरले. पंख काढून फेकले, नखं लावली, गुडघे टेकले, प्रत्येक वेळी तळ्यात परत. चार-पाच वेळा झाल्यावर त्यांची पुण्याची मराठी पाण्यात विरघळून गेली.

"ओ बाबाराव, दोर फेका ना लेका! मले पाय नाही लागून राहिला!"

बाबाराव गड्याला दोर आणायला पाठवून काठावर निवांत उकिडवे बसले. मग त्यांनी हुबेहूब तोच लोण्यासारखा आवाज काढला. "जबडा सैल सोडा सर. पोट सैल. समजा का तुमी धरनात आहा."

दोर आला, मानकरांनी आणि गड्यानं सरांना ओढून काढलं. अंगाला शेवाळ, दातांत गवत. त्यांनी त्या दिवशी रोडगे खाल्ले नाहीत. पुष्पा मात्र पोट धरधरून हसली. ऑपरेशननंतर मी तिला तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि सांगायला लाज वाटत नाही, सर बुडत असताना मला फार बरं वाटलं.

* * *

चाचणीच्या दिवशी सकाळची गाडी धरून आम्ही बडनेऱ्याला उतरलो, तिथून रिक्षानं अमरावती. तायडेभाऊ रस्ताभर तिची पिशवी पोटाशी धरून बसले होते. आदल्या संध्याकाळीसुद्धा पुष्पाचा श्वास निम्म्यावरच सुटला होता आणि हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. मला फार भीती वाटत होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सर आधीच हजर! गळ्यात अंदमानचा बिल्ला, हातात मोबाईल. क्लासच्या यशोगाथेसाठी छोटा व्हिडिओ करू म्हणाले. तायडेभाऊ आजवर कुणाला वाकडा शब्द बोललेले नाहीत, त्यांनी फक्त हात पुढं केला आणि मोबाईल काढून आपल्या खिशात टाकला.

पुष्पाचं नाव पुकारलं. जाताना सर तिला म्हणाले, लक्षात ठेवा, निळं पाणी, खोल, शांत. तिनं मान हलवली आणि आत गेली. जाड दार लागलं. वर लाल दिवा लागला.

आम्ही तिघं बाकावर. लाल दिवा जाईना. तायडेभाऊ उठले, बसले, उठले. सरांनी सवयीनं मोबाईलसाठी खिसा चाचपला. मी रेल्वेच्या सात पिढ्या काढते तशा काढायला कुणीच समोर नव्हतं, म्हणून छताच्या पंख्याकडे बघत बसले.

शेवटी दार उघडलं आणि आधी टेक्निशियन मुलगी बाहेर आली. म्हणाली, झालं, एकदम छान, एकसारखा धरला, आता श्वास धरूनच शेक देता येईल. तायडेभाऊ तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. मुलगी म्हणाली, पण काकू सोडा म्हटलं तरी सोडतच नव्हत्या, मला तीनदा सांगावं लागलं.

मागून पुष्पा आली, स्कार्फ नीट करत. सर पुढं झाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. त्यांनी तिला विचारलं, दिसला ना शेवटी? किती खोल गेला होतात?

पुष्पानं नवऱ्याला हात देऊन उठवलं. मग सरांकडे वळली.

"कायचा समुद्र, सर? गेट लागलं होतं. कोयशाची मालगाडी होती, लांबलचक. अन् थे पोरगी मधातच म्हने, सोडा. कशी सोडू? गार्डाचा डबा याचाच राह्यला होता."